दोन उन्हाळ्यांचा पिचर

मार्लो फॉल्स, आयोवा
२० जानेवारी १९९१

प्रिय वेस,

पाकिटावरचं माझं अक्षर बघून तू ते फ्रिजवर ठेवून देशील आणि विसरून जाशील, हे मला माहीत आहे. तरी उघड. कुणी गेलेलं नाही. बाबांची तब्येत ठणठणीत आहे.

काम एवढंच आहे. मैदानाच्या दारातल्या भिंतीसाठी यंदा तुझं नाव आलंय.

भिंत तू पाहिलेली नाहीस. तू गेल्यावर तीन वर्षांनी बांधली. तिकिटाच्या खिडकीपासून आतल्या नळापर्यंत लालभडक विटांची आहे, आणि दरवर्षी तिच्यावर आपल्या बेसबॉल टीमच्या, हेरन्सच्या, एका जुन्या खेळाडूची पितळी पाटी लागते: चेहरा, नाव, खाली दोन ओळी. आपल्या गावचं हॉल ऑफ फेम म्हण. देशभरातल्या थोर खेळाडूंच्या खऱ्या हॉल ऑफ फेममध्ये कोण जायला हवं होतं आणि कोण उगाच गेलं, यावर मायलोच्या सलूनमध्ये हिवाळाभर भांडणं चालतात. गेल्या वर्षी तर एकाचे अर्धे केस कापून झाल्यावर तो चिडून खुर्चीतून उठून गेला आणि तीन दिवस तसाच फिरला. पण ती भांडणं लांबच्या माणसांची. आमच्या भिंतीवरची माणसं दुकानात भेटतात, त्यामुळे इथली भांडणं जास्त लागतात.

तुझं नाव मायलो ह्रुस्कानं दिलं. तुझे चेंडू झेलायचा तसा तो अजून तुझा कॅचरच आहे. गुडघे गेलेत, पण तुझ्याबद्दल कुणी वाकडं बोललं की तसाच पुढे येतो. समितीत चौघं आहेत. अध्यक्ष बाबा. मायलो. मिसेस व्हिटकम, ज्यांनी तुला बीजगणितात दोनदा नापास केलं आणि हेरन्सच्या प्रत्येक सामन्याची नोंद ठेवली. आणि रॉइस टीगार्डन.

चौथं नाव वाचून तू थांबला असशील. मायलो सांगायला आला तेव्हा मीही थांबले होते.

चारातली तीन मतं लागतात. मी चिटणीस आहे, मला मत नाही. जिवंत खेळाडूला कळवायची पद्धत आहे आणि कळवायचं काम माझं, म्हणून लिहितेय. दुसरा अर्थ काढू नकोस.

मायलोनं नाव वाचलं तेव्हा बाबांनी काय केलं, हे तुला विचारायचं असेल. त्यांनी विचारलं, "पुढचं नाव?" पुढचं नाव क्लाइड नोव्होत्नीचं होतं. अकरा वर्षं सेकंड बेसवर खेळला, चपळ, साधा, कधी कुणाशी भांडला नाही. मी दोन्ही लिहून घेतली.

वेळ वाईट आहे. या आठवड्यात युद्ध सुरू झालंय आणि लढायला गेलेल्या पोरांसाठी गावातल्या प्रत्येक झाडाला पिवळी फीत बांधलीय. मी काम करते त्या दातांच्या दवाखान्यातसुद्धा कुंडीतल्या झाडाला बांधलीय. आणि भिंतीच्या नियमात एक ओळ आहे की खेळाडूचा खेळ बघावा, तसंच वर्तनही बघावं.

तुझं नाळ तोडून बसणं मी काही अंशी समजू शकते. आई गेली तेव्हा सीमा ओलांडली असतीस तर पकडला गेला असतास. पण तिच्यामागून दोनच महिन्यांत सैन्याचं बोलावणं टाळून गेलेल्या तुम्हा सगळ्यांना माफी मिळाली, त्याला आता चौदा वर्षं झाली. नाताळच्या कार्डावर तीन ओळी येतात. ते मला समजलेलं नाही, आणि समजून घ्यायला मला इथून हलताही आलेलं नाही.

पाटी नको असेल तर तसं कळव.

नॅडीन


मार्लो फॉल्स
१० फेब्रुवारी १९९१

वेस,

उत्तर नाही. म्हणजे नको असंही नाही, असं मी धरून चालले आहे.

काल पहिली बैठक झाली. सलून दुपारी बंद करून मायलोनं खुर्च्या गोल मांडल्या. बाबांना दाढीच्या मोठ्या खुर्चीत बसवलं, त्यामुळे ते न्यायाधीशासारखे दिसत होते.

सुरुवात मिसेस व्हिटकमनी केली. "क्लाइडची अकरा वर्षं आहेत. वेसचे दोन उन्हाळे. दोन उन्हाळ्यांत माणूस सायकल शिकतो."

मायलो उसळला. "बाई, ते दोन उन्हाळे कसले होते ते तुम्हीच लिहून ठेवलंय! नदीकाठच्या अख्ख्या लीगमध्ये त्याच्यासारखा चेंडू टाकणारा ना आधी झाला ना नंतर. भिंत कशाची आहे? कोण किती दिवस टिकला त्याची, की कोण किती उंच गेला त्याची? टिकायचंच बक्षीस द्यायचं असेल तर त्या नळाला पाटी लावा."

"ओरडू नकोस मायलो, मी अजून विरोधात बोललेच नाही," बाई म्हणाल्या. "मी फक्त मांडतेय. आता दुसरी बाजू ऐक. क्लाइडच्या अकरा वर्षांत गावातला एकही माणूस केवळ त्याला बघायला मैदानावर आला नाही. वेसचा दिवस असला की लोक ट्रॅक्टर शेतात सोडून यायचे. मी स्वतः एकदा परीक्षेचे पेपर टाकून गेले. माझं मत वेसला."

इतक्या सहज म्हणाल्या की उठलेला मायलो परत खाली बसला. मग सगळे रॉइसकडे बघायला लागले.

रॉइस कसा दिसतो तुला आठवत असेल. लांब, वाकलेला, हातात कायम काहीतरी तार किंवा पेचकस. तो टोपी गुडघ्यावर ठेवून बसला होता. म्हणाला, "माझा ड्वेन याच टीममध्ये खेळला. राइट फील्डला, उजव्या कोपऱ्यात. त्याला बॅटिंग यायची नाही, म्हणून मी त्याचं नाव कधी दिलं नाही आणि देणार नाही. भिंत ज्यांना खेळ येत होता त्यांची आहे. वेसला येत होता. ते मी नाही म्हणत नाही."

मायलो म्हणाला, "मग झालं तर."

"नाही झालं. दोघांना सैन्याचं बोलावणं एकाच आठवड्यात आलं. एक गेला. एक पळाला. जो गेला तो पेटीतून आला. आता सामन्याच्या प्रत्येक संध्याकाळी मी त्या दारातून आत जातो. तिथं पळालेल्याचा पितळी चेहरा लावलात तर मी त्याच्या समोरून रोज कसा जाऊ ते मला सांगा. मला दुसरं दार नाही."

बाबा म्हणाले, "पुढची बैठक दोन आठवड्यांनी," आणि खुर्चीतून उतरायला लागले. रॉइसनं पुढे होऊन त्यांचा हात धरला आणि पायरी दाखवली.

ती पायरी का दाखवावी लागली, ते आता लिहूनच टाकते. मागच्या पत्रात ठणठणीत म्हटलं ते खोटं होतं. बाबांना नीट दिसत नाही. कडेचं थोडं दिसतं, मधलं सगळं धूसर. गेल्या सीझनपासून त्यांनी रेडिओवर सामने सांगणं सोडलं, पण त्याआधीची दोन वर्षं ते न बघताच सामने सांगत होते. रॉइस बूथमध्ये यंत्रं सांभाळायचा ना, तोच हळूच कानाशी सांगायचा: "डावीकडे, उंच, झेलला." की लगेच बाबांचा तो आवाज: "उडाला चेंडू डाव्या कोपऱ्यात…" गावात कुणालाही पत्ता लागला नाही. मलाही नाही. एकदा डबा द्यायला वर गेले तेव्हा कळलं.

असं आहे त्या दोघांचं. आणि त्यातल्या एकाला दुसऱ्याच्या मुलाबद्दल मत द्यायचंय.

मायलो हो, बाई हो, रॉइस नाही. सगळं बाबांवर आलंय. घरी मी विचारलं. म्हणाले, "सूप गार होतंय."

मला विचारशील तर ते नाहीच म्हणतील. तू गेल्यापासून त्यांनी रेडिओवर एकदाही तुझं नाव घेतलेलं नाही. जुन्या सामन्याची आठवण निघाली की "त्या दिवशी आमच्या पिचरनं" म्हणायचे. मी त्याला लाज समजत आले.

नॅडीन


मार्लो फॉल्स
२५ फेब्रुवारी १९९१

वेस,

निकाल आधी सांगते. तू निवडला गेला नाहीस. दोन विरुद्ध दोन. पाटी क्लाइडची लागेल. पण पत्र इथेच टाकून देऊ नकोस, कारण जे झालं ते मी बैठकीच्या वृत्तांतात लिहू शकलेले नाही आणि कुठंतरी लिहायला हवं.

बाबांनी सुरुवातीलाच सांगितलं, "माझं मत, नाही."

मायलोनं हातातला कंगवा आरशाखाली आपटला. आणि रॉइस म्हणाला, "का?"

"दोन उन्हाळे पुरत नाहीत."

"हे तू मागच्या वेळी का नाही बोललास?"

"मागच्या वेळी कुणी विचारलं नाही."

"हार्लन, माझ्याकडे बघ." मग रॉइसच्या लक्षात आलं असावं, आणि तो खुर्ची ओढून बाबांच्या बाजूला, त्यांना जिथून दिसतं तिथं येऊन बसला. "तू हे माझ्यासाठी करतोयस."

"नाही."

"करतोयस. बावीस वर्षं त्या बूथमध्ये हातभर अंतरावर बसलोय आपण. तू एकदाही तुझ्या पोराचं नाव घेतलं नाहीस. मी कधी म्हणालो होतो का तुला, की घेऊ नकोस?"

बाबा म्हणाले, "तुला म्हणायची वेळ येऊ नये म्हणूनच नाही घेतलं. माझा जिवंत आहे, रॉइस. तुझ्या शेजारी बसून मी काय तोंडानं म्हणणार होतो, की माझा वेस कसा छान टाकायचा?"

मी पेन्सिल खाली ठेवली. इतकी वर्षं त्यांच्यासोबत राहतेय मी. एका घरात, एका टेबलाशी. आणि मी लाज समजत होते.

रॉइसचा चेहरा लाल झाला. "आणि मी ड्वेनचं नाव काढलं की तू लगेच खिडकीबाहेर बघायचास! मैदान रिकामं असलं तरी! म्हणून मग मीही घ्यायचं सोडलं. घरी बायको रडते म्हणून घेता येत नाही, बूथमध्ये तुला त्रास होतो म्हणून घेता येत नाही. मग मी घ्यायचं कुठं? गाडीत?"

"मला काय माहीत!"

"आता हे मताचं ओझं ड्वेनच्या डोक्यावर ठेवू नकोस. मला नाही म्हणायचं कारण आहे, ते मी सांगितलं. तुला नाही म्हणायचं असेल तर बेसबॉलचं कारण दे. नसेल तर हात वर कर आणि हो म्हण."

बाबा खुर्चीत सरळ झाले, घसा साफ केला, आणि वेस, तो रेडिओचा आवाज आला. वर्षभरात मी ऐकला नव्हता.

"ठीक आहे. वेस ऑस्ट्रँडर. वेगवान चेंडू उत्तम, वाद नाही. पण कर्व्ह सपाट. उन्हाळा चढला, हात घामेजला, की त्याचा कर्व्ह वळायचाच नाही. सहाव्या इनिंगनंतर दमायचा. आणि ज्या सामन्याच्या जोरावर मायलो त्याला भिंतीवर चढवतोय, पाइन रॅपिड्सच्या विरुद्ध एकही फटका, एकही हिट न दिलेला, तो सामना त्याचा नव्हताच."

"काय?" मायलो.

"नवव्या इनिंगला शेवटचा माणूस. तो त्यांचा डावखुरा, बैलासारखा. वेसनं कर्व्ह टाकला, तो वळला नाही, मधोमध लटकला. त्यानं हाणला. हिट होताच तो, शंभर टक्के. ड्वेननं पळत येऊन अंग झोकून दिलं म्हणून झेल झाला. तो सामना राइट फील्डरचा होता. मी तेव्हाही रेडिओवर तसंच म्हणालो होतो."

"चुकीचं म्हणाला होतास," रॉइस म्हणाला.

"मी चुकीचं?"

"कर्व्ह लटकला नव्हता. शेवटच्या क्षणी वळला. म्हणून तो बॅटच्या नुसत्या टोकाला लागला, म्हणून चेंडू हवेत राहिला. ड्वेनला पळायला वेळ मिळाला तो त्यामुळे. सरळ बसला असता तर माझा पोरगा काय, देवालाही पकडता आला नसता. तो बळी पिचरचाच होता."

"अरे, चाळीस फूट पळाला तो!"

"वीस! आणि आधीच चुकीच्या जागी उभा होता. मी त्याला नेहमी सांगायचो, डावखुऱ्याला जरा मागं जा."

"रॉइस, तू बूथमध्ये तारांत तोंड घालून बसला होतास! बघत मी होतो!"

"मी माझ्या पोराकडे बघत होतो, हार्लन! प्रत्येक चेंडूला! तूच पिचरकडे बघत होतास!"

हे जवळजवळ तासभर चाललं. एकेक सामना काढला. बाबा प्रत्येक वेळी श्रेय ड्वेनला द्यायचे आणि रॉइस ते उचलून तुझ्या पदरात टाकायचा. शेवटी तर रॉइस उभा राहून तुझी हात फिरवायची लकब करून दाखवत होता, तू डावा गुडघा वर घेऊन थबकायचास तशी, आणि बाबा मान तिरपी करून त्याला कडेनं बघत म्हणत होते, "उगाच चांगली करू नकोस. इतकी चांगली नव्हती." वेस, ड्वेन, वेस, ड्वेन. त्या दुकानात ही दोन नावं इतक्या वेळा घेतली गेली की मिसेस व्हिटकमनी चष्मा काढून पुसायला घेतला आणि पुसतच राहिल्या.

मग मत. बाबा, नाही. रॉइसला मायलोनं विचारलं, "आता तरी?" तो म्हणाला, "पिचर म्हणून हो. दारात, नाही. अजून नाही." आणि टोपी घालून गेला.

बाबांना गाडीत बसवताना मी म्हटलं, खरंच दोन उन्हाळे पुरत नाहीत? ते म्हणाले, "खरंच नाही पुरत. तिसरा खेळला असता तर कर्व्ह सुधारला असता."

वृत्तांतात मी लिहिलंय: "चर्चा झाली."

नॅडीन


१० मार्च १९९१
ब्रिटिश कोलंबिया

प्रिय नॅडीन,

तिन्ही पत्रं पोचली. पहिली दोन फ्रिजवर होती, तू म्हणालीस तशी. तिसरं पाकीट जाड होतं, तेव्हा भीती वाटली आणि उघडलं. मग तिन्ही वाचली, आणि त्या दिवशी लाकडाच्या गिरणीत कामाला उशिरा गेलो. इथं कुणाला मी कधी खेळायचो हे ठाऊक नाही. भिंत मला नको होती. पण माझा कर्व्ह सपाट होता हे वाचून इतका चिडलो की स्वतःलाच हसू आलं.

पाइन रॅपिड्सचं सांगतो, कारण चेंडू माझ्या हातातून सुटला होता. बाबा बरोबर आहेत. तो लटकला. हात घामानं ओला होता. बॅटचा आवाज ऐकताच मी मान खाली घातली. वर बघितलं तेव्हा ड्वेन गवतावर पालथा पडला होता आणि ग्लोव्ह हवेत धरून हसत होता. नंतर म्हणाला, "तुझी अब्रू वाचवली, आता आठवडाभर बिअर तुझी." आठवडाभर पाजली.

आता दुसरी गोष्ट. ती मी कुणालाच सांगितलेली नाही. बावीस वर्षांपूर्वी मला सीमेपलीकडे जाणाऱ्या उत्तरेच्या बसपर्यंत सोडायला ड्वेनच आला होता, मिनेसोटापर्यंत, रॉइसच्याच पिकअपमधून. वडिलांना त्यानं टायर बदलायला नेतोय म्हणून सांगितलं होतं. वाटेत आम्ही वाद घातला नाही. त्यानं मला भित्रा म्हटलं नाही आणि मी त्याला मूर्ख म्हटलं नाही. स्टँडवर उतरताना तो म्हणाला, "तू तिकडे जा, मी इकडे जातो. बघू कोण आधी घरी येतो."

तो आधी आला.

माफी मिळाली तेव्हा मी बॅग भरली होती, नॅडीन. दोनदा भरली. मग वाटायचं, त्या गावात शिरताना मला पहिल्यांदा रॉइस दिसला तर?

त्याला हे सांगायचं की नाही ते तू ठरव. मला ठरवता येत नाही.

वेस


मार्लो फॉल्स
२३ मार्च १९९१

वेस,

जाड पेननं लिहितोय, कारण बारीक दिसत नाही. ओळी वाकड्या गेल्या तर समजून घे. नॅडीननं लिहून देते म्हटलं, पण ती मध्ये मध्ये स्वतःचं घुसडते.

तुझं पत्र तिनं मला वाचून दाखवलं. मग मी रॉइसला बोलावलं आणि त्यालाही वाचून दाखवायला लावलं. ठरवायचं बिरवायचं काही नव्हतं. त्याच्या मुलाचं बोलणं आहे, ते त्याचं आहे.

कर्व्ह लटकला हे तू कबूल केलंस तिथं मी टेबलावर थाप मारली. रॉइस म्हणाला, पिचरला काय कळतंय. हरलेलं मान्य करत नाही.

पिकअपचं आलं तेव्हा तो म्हणाला, "तरीच. टाकी रिकामी कशी झाली हे मला आजपर्यंत कळलं नव्हतं." मग नॅडीनला म्हणाला, ते स्टँडवरचं वाक्य परत वाच. तिनं वाचलं. म्हणाला, परत. तिसऱ्यांदा तिला वाचता येईना, तेव्हा त्यानं स्वतःच म्हणून दाखवलं, ड्वेनच्या आवाजात. हुबेहूब. मी विसरलो होतो तो आवाज.

जाताना दारात म्हणाला, "भित्रा नाही म्हणाला ना तो." मी म्हटलं, नाही. म्हणाला, "मग ठीक."

पहिला सामना अठरा मे रोजी आहे. तू ये. रॉइस पहिल्यांदा दिसला तर दिसला. मी सोबत असेन.

मायलो पुढच्या वर्षी तुझं नाव परत आणणार आहे. मी परत 'नाही' म्हणणार आहे. दोन उन्हाळे म्हणजे दोनच उन्हाळे.

बाबा


मार्लो फॉल्स
२७ मे १९९१

प्रिय वेस,

सुखरूप पोचलास हे फोनवर कळलं, पण फोनवर तू जे म्हणालास ते माझ्या मनातून जात नाही. "सगळं छान झालं, फक्त रॉइसला मी नको होतो."

तू जे पाहिलंस ते असं. दारात तो तुझ्यासमोर आला, हात मिळवला, म्हणाला, "वजन वाढलंय तुझं." बस. मग तीन तास बाबांच्या पलीकडे बसून राहिला आणि तुझ्याशी एक शब्द बोलला नाही. तुला शेंगा देऊ केल्या नाहीत. तू काही विचारलंस तर मान हलवली. सामना संपला तेव्हा उठून निघून गेला. मीही मनातून चिडले होते. इतक्या लांबून आलेल्या माणसाला दोन शब्द बोलायला काय जातं, असं बाबांना म्हणालेसुद्धा.

काल तो घरी आला. युद्धात गेलेल्यांच्या स्मारकदिनाच्या आदल्या दिवशी तो दरवर्षी ड्वेनच्या थडग्यावर फुलं ठेवायला जातो आणि परस्पर घरी जातो. काल आमच्याकडे आला. बाबा झोपले होते. मी कॉफी दिली. त्यानं कपाला हात लावला नाही.

म्हणाला, "गेला का तो?"

मी म्हटलं, मंगळवारीच गेला. आणि जरा तोडूनच म्हटलं, तुम्हाला त्याच्याशी बोलायचं असतं तर वेळ होता.

"हो, होता." तो टोपी हातात फिरवत राहिला. मग म्हणाला, "नॅडीन, त्याचे कानाजवळचे केस पांढरे झालेत."

"चव्वेचाळीस वर्षांचा आहे तो."

"ड्वेन एक वर्षानं लहान." "तो वाचायला चष्मा काढतो खिशातून. तिकीट बघायला काढला. आणि खुर्चीतून उठताना गुडघ्यावर हात ठेवतो. पोट सुटलंय थोडं. मी इतकी वर्षं ड्वेनला बावीसचाच बघत आलो गं. दुसरा कसा बघणार? तो पुढं कसा दिसला असता ते मला दाखवायला कुणी नव्हतंच. त्याच्या बरोबरीची पोरं गावात आहेत, पण ती रोज दिसतात, रोज दिसणाऱ्याचं वय कळत नाही. हा एकदम आला. तेव्हा बावीसचा गेला आणि आता असा आला."

मी कॉफीचा कप त्याच्याजवळ सरकवला.

"तीन तास मला पुरले नाहीत," तो म्हणाला. "सामना काय झाला तेही मला ठाऊक नाही. त्याला लिहिशील?"

मी म्हटलं, लिहीन. काय लिहू?

"लिही, की राग नव्हता. बोलायचं राहून गेलं, कारण मी नुसता बघत होतो. ऑगस्टमध्ये परत ये म्हणावं. त्या वेळी बोलेन."

नॅडीन